ठोसरबाईंचा उजवा गाल

डॉक्टर विमल ठोसर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रुग्णबाईच्या हातून काढून घेतलेली मलमाची ट्यूब पिळत होत्या. झाकण उघडून, शेपटीकडून गुंडाळत आणून, आतलं सगळं मलम त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये काढलं आणि ट्रे नळाखाली धरला. ट्यूबची मालकीण, सेक्टर अठरामधली कुणी सुखवस्तू बाई, कासावीस होऊन बघत होती. मी दारात माझं नियुक्तिपत्र घेऊन उभा. माझं नाव वाचल्यावर ठोसरबाई सरळ मराठीत बोलायला लागल्या. "नुसती फेकली तर ही बाहेर जाऊन केराच्या टोपलीतून उचलेल. मागे एकीनं उचलली. तू काय बघून राहिला? रुजू व्हायला आला ना? बस."

बाई अमरावतीच्या. कितीतरी वर्षं चंदीगडमध्ये काढूनही त्यांचं वऱ्हाडी बोलणं तसंच राहिलं होतं. मी पुण्याहून त्वचारोगाचं एम.डी. करायला तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या विभागात हुशार माणसं पुष्कळ होती, निदान तसं ती एकमेकांना सांगत. त्या सगळ्यांत मनापासून शिकवणाऱ्या बाई एकट्याच, आणि त्यांच्यासारखं घालूनपाडून बोलणारंही दुसरं कुणी नव्हतं. मी कधी बरोबर निदान केलं तर त्या म्हणत, "बरोबर आहे. त्यात काय एवढं, त्याच्यासाठीच तर ठेवलं तुला."

रोझेशिया नावाचा एक आजार आहे. गाल, नाक, हनुवटी लाल होते, लालीवर बारीक पुळ्या येतात, आणि ऊन, आच, गरम चहा, तिखट, असं काहीही त्याला भडकायला पुरतं. जिवाला धोका नाही, म्हणून डॉक्टर तो फारसा मनावर घेत नाहीत. चेहऱ्यावर असतो, म्हणून लोक मात्र भलताच मनावर घेतात. पंजाबातल्या गोऱ्या कातडीवर तो उठून दिसे, आणि आमच्या ओपीडीत त्याचे रुग्ण रोज येत. त्यांतल्या बहुतेकींच्या पर्समध्ये स्टिरॉइडच्या मलमाची ट्यूब असे. मावसबहिणीनं दिलेली, शेजारणीनं सुचवलेली, आणि पुष्कळदा आमच्याच एखाद्या सहकाऱ्यानं लिहून दिलेली. ते मलम लावलं की चार दिवसांत चेहरा लोण्यासारखा होतो. मग कातडी पातळ होत जाते, लाली दुप्पट होते, आणि ट्यूब थांबवली की चेहरा असा पेटतो की बाई धावत जाऊन पुन्हा तीच ट्यूब आणते. दुकानदार खूश, डॉक्टर खूश, आणि चार दिवस का होईना, बाईसुद्धा खूश. ठोसरबाई तेवढ्या खूश नसत.

त्यांना स्वतःलाच रोझेशिया होता. गोल चेहरा, जाड चष्मा, आणि चष्म्याखाली दोन्ही गाल कायम लालभडक. रुग्णबायका तोंडावर म्हणत, "डॉक्टर साहिबा, पहले अपना तो ठीक कर लो." बाई म्हणत, "मेरा रोग मेरे बाप ने दिया है. तुमने अपना बाज़ार से खरीदा है. बैठो." हिवाळ्यात अख्खं चंदीगड हिरवळींवर बसून ऊन खात संत्री सोलत असे, तेव्हा या एकट्या छत्री उघडून चालत. रुग्णांना तिखटाची बंदी करत आणि स्वतः डब्यात ठेचा आणत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "खाते मी, भोगते मी. तुझ्या पोटात काऊन दुखून राहिलं?"

एकटी बाई, लग्न न केलेली, शहराला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावर खोली घेऊन राहणारी, आणि तोंड लाल. लोकांना यापुढे पुराव्याची गरज वाटली नाही. बाई पितात, असं ठरून गेलं. रुग्णालयात हे इंग्रजीत आणि पंजाबीत बोललं जाई. मराठीत बोलायला आमचं महाराष्ट्र मंडळ होतं. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन आलेली कुटुंबं, काही फौजी अधिकारी. दर बदलीला ट्रंकांत भांड्यांबरोबर आपली मतंही भरून आणणारी माणसं. गणपतीत आरती झाली की प्रसादाबरोबर बाईंचा विषय निघे. "घेतात हो त्या," हिशेब खात्यातल्या नेनेसाहेबांच्या सौभाग्यवती कुजबुजत, "आमच्या ह्यांनी लगेच ओळखलं." ह्यांनी कशावरून ओळखलं, हे विचारायची माझी फार इच्छा होती. ह्यांचं स्वतःचं नाक काही कमी लाल नव्हतं, आणि त्याचं कारण फौजी कँटीनमधून बाटल्या आणून देणाऱ्या मित्रांना चांगलं ठाऊक होतं.

याच नेनेबाईंनी एका गणपतीत बाईंना सगळ्यांदेखत एक ट्यूब देऊ केली. "आमचा भाचा औषध कंपनीत आहे. तुम्ही तर डॉक्टर, पण घरचं माणूस म्हणून सांगते. चार दिवस लावा, कुणाला काही कळायचं नाही." आपण फार नाजूकपणे मोठे उपकार करतो आहोत, अशी त्यांची मुद्रा होती. बाईंनी ट्यूब हातात घेतली, नाव वाचलं, आणि नेनेबाईंचा गाल खिडकीच्या उजेडाकडे वळवून बघितला. "तुम्ही लावत नाही ना हे?" नेनेबाई म्हणाल्या, "छे, मला काय झालंय?" "मग ठीक. भाच्याला म्हणा, बुटाला लावून बघ." ट्यूब पर्समध्ये टाकून बाई मोदक खायला बसल्या. त्यानंतर मंडळाची आमंत्रणं त्यांना जरा उशिरा मिळू लागली.

आता त्यांच्या खऱ्या उद्योगाकडे येतो. रोझेशियाला टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल पोटातून देतात, त्यांचा गुणही येतो. पण त्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, पोट बिघडतं, आणि गरोदर बाईला देताच येत नाहीत. बाईंच्या ओपीडीत निम्म्या सुना गरोदर, नाहीतर अंगावर पाजणाऱ्या. अँटिबायोटिक पोटात न घालता नुसतं गालावर लावलं तर पुळ्या बसतील का, एवढाच बाईंचा प्रश्न होता. मुरुमांवर असं औषध लावून बघतात, हे नियतकालिकांत येऊ लागलं होतं. रोझेशियासाठी तयार औषध आमच्याकडे तरी नव्हतं. बाईंनी एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, त्यांची रंगीत साल खरवडली, खलात कुटल्या, स्पिरिटमध्ये विरघळवल्या, थोडं ग्लिसरीन आणि पाणी घातलं आणि फिल्टरच्या कागदातून गाळलं. दुसऱ्या बाटलीत औषधाशिवाय बाकी सगळं तेच, दिसायलाही तसंच. मग मला बोलावलं आणि कुठली कोणती ते दाखवलं.

"या दोन बाटल्यांवर मी नसताना तू चिठ्ठ्या लाव. एक डाव्या गालाची, एक उजव्या. कशात काय ते मला सांगू नको. तुझ्या बायकोलाही सांगू नको."

"मॅडम, माझं लग्न झालेलं नाही."

"मग झाल्यावर सांगू नको."

मी म्हटलं, रुग्णांवरच करून बघू या की. त्या भडकल्या. "काऊन? त्यांचा चेहरा फुकटचा आहे? आधी माझा बिघडू दे." आणि ठेचा बंद करणार का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्ही गाल एकाच तोंडाचं जेवतात ना? मग मोजमापात फरक काय पडून राहिला?"

पहिले काही दिवस दोन्ही गालांची नुसती आग झाली, कारण स्पिरिट दोन्हीकडे होतं. नंतर हळूहळू डाव्या गालावरच्या पुळ्या बसायला लागल्या. थोडी लाली उरली, पण कातडी सपाट आणि शांत दिसू लागली. उजवा गाल होता तसाच धगधगत होता. नाकाच्या मधोमध आखून घेतल्यासारखा चेहरा दुभागला. मला कशात काय ते माहीत होतंच. बाईंनाही आता आरसा सांगत होता. सकाळ-संध्याकाळ दोन बोळे, दोन बाटल्या. असं तीन महिने करायचं त्यांनी ठरवलं होतं. तो अर्धा चेहरा घेऊन त्या ओपीडीत बसत, मनीमाजऱ्याच्या बसमध्ये चढत, बाजारात भाजी घेत. लोक वळून बघत. आमचे लेक्चरर डॉक्टर खन्ना त्यांना पाठीमागे 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणत. खन्ना देखणे होते, नितळ होते, आणि विभागप्रमुखांच्या स्लाइड्सचा डबा कुणालाही उचलू देत नसत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला काही आठवत नाही.

अशात विभागात रीडरची, म्हणजे लेक्चररच्या वरची, जागा निघाली. बाई दोनदा डावलल्या गेल्या होत्या. ही जागा मिळाली तर रोझेशियाची वेगळी ओपीडी त्यांच्या हातात येणार होती, रुग्णालयाच्या औषधशाळेत त्यांचं द्रावण बनवून घेता येणार होतं, आणि विभागातून स्टिरॉइडच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना त्या अडवू शकणार होत्या. एरवी स्वतःसाठी काही मागणं त्यांना कमीपणाचं वाटे. पण खल घासताना एकदा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला रीडर व्हायचं आहे रे. फार वाटून राहिलं या खेपेला." मी म्हटलं, होणारच तुम्ही. वयच तसं होतं माझं.

मुलाखत नेमकी तीन महिने पुरे व्हायच्या आधी आली. विभागप्रमुखांनी, त्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू, बाईंना खोलीत बोलावलं. मी तिथेच काचपट्ट्या लावत होतो. सर वाईट माणूस नव्हते. वाईट असायला जी थोडी हिंमत लागते तीही त्यांच्याजवळ नव्हती. "डॉक्टर ठोसर, कमेटी में बाहर से लोग आ रहे हैं. आप समझिए. एक हफ्ता स्टिरॉइड लगा लीजिए. बाद में जो प्रयोग करना है कीजिए."

"सर, एका गालाला की दोन्ही?" बाईंनी हे मराठीतच विचारलं, मग हिंदीत सांगितलं.

"अच्छा, वह नहीं तो वही दवा दूसरे गाल पर भी लगा लीजिए. फायदा तो दिख ही रहा है."

"दिख रहा है, साबित नहीं हुआ है. बीच में छोड़ूँगी तो इतने दिन का मुँह बेकार."

बाहेर आल्यावर मी त्यांची मनधरणी केली. दोनतीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करता येईल, मी बाटल्या भरून देईन. त्यांनी ऐकून घेतलं. "मी त्या बायकांना काय सांगते रोज? लोकांसाठी तोंड रंगवू नका म्हणते ना? मग कमिटी कोण? लोकच ना?" मला मात्र त्यांचा राग आला, हेही खरं आहे.

मुलाखतीत काय झालं ते सरांनीच संध्याकाळी डोकं धरून मला सांगितलं. बाहेरून आलेले मुख्य तज्ज्ञ म्हणजे आमच्या विषयातलं मोठं प्रस्थ. त्यांचं क्रमिक पुस्तक विभागाच्या कपाटात होतं. त्यांनी बाईंच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. बराच वेळ चेहरा न्याहाळून, खाकरून म्हणाले, "यह ज़िम्मेदारी की पोस्ट है, डॉक्टर. शाम की कोई आदत वगैरह तो नहीं?"

बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेल्या, वाकल्या आणि आधी डावा गाल पुढे केला, मग उजवा. "साहब, ठीक से देखिए. पीती होती तो दोनों पीते." मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "इसे रोझेशिया कहते हैं. आपने ही इस पर पूरा पाठ लिखा है. मैंने वही पढ़कर परीक्षा दी थी."

पुढचं नाव पुकारलं गेलं. "सच बोलने का भी एक तरीका होता है," सर मला म्हणाले. मला राहवलं नाही. मी विचारलं, सर, तो तरीका तुम्ही कधी वापरलात? त्यांनी मला जायला सांगितलं.

जागा खन्नांना मिळाली. त्यांनी विभागात बर्फी वाटली. बाईंनी एक तुकडा घेतला, खाल्ला, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "तीन महिन्यांतले राहिलेले दिवस होऊ दे. मग चिठ्ठ्या उलट कर." मला वाटलं होतं, आता त्या बाटल्या फोडतील. "मी उजव्या कुशीवर झोपते. उशीच्या उबेनं उजवा गाल भडकत असेल तर? डावा औषधानं बरा झाला की असाच, ते उलट केल्याशिवाय कसं कळेल?" आवाज नेहमीचा होता. फक्त त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि दुपारी ओपीडीत एका म्हातारीनं ट्यूब पुढे केली तेव्हा ती पिळायची सोडून कितीतरी वेळ नुसती हातात धरून बसल्या.

आम्ही बाटल्या उलट केल्या. काही आठवड्यांत उजवा गाल निवला आणि डाव्यावर पुळ्या परतल्या. आता काही शंका उरली नव्हती. त्यांनी चार पानी टिपण लिहून एका नियतकालिकाला पाठवलं. ते परत आलं. एकच रुग्ण, आणि तोही लेखक स्वतः, हे शास्त्राला धरून नाही, असं कळवलं होतं. बाईंनाही ते तत्त्वतः मान्य होतं. "चूक नाही त्यांची. पण अजून रुग्ण घ्यायला रोझेशियाची ओपीडी पाहिजे, आणि ती तर खन्नाकडे." खन्नांच्या ओपीडीत रोझेशियाला काय लिहून दिलं जाई, ते सांगायला नकोच. त्याच उन्हाळ्यात बाईंनी राजीनामा दिला. अमरावतीला धाकट्या भावाच्या घरी एक खोली होती, तिथे दवाखाना काढायचं ठरवलं.

निरोपसमारंभाच्या काही आठवडे आधीपासून त्या पहिल्यांदाच दोन्ही गालांना औषध लावत होत्या. प्रयोग संपला होता, आता हरकत नव्हती. विभागाच्या ग्रंथालयात समोसे मांडले होते, आणि जो तो येऊन सांगत होता, मॅडम, किती छान दिसताय. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडाकडे बघून कुजबुज केली तेच. त्वचारोगाचे एवढे डॉक्टर त्या खोलीत होते, आणि तुम्ही काय लावलंत, किती प्रमाणात, किती दिवस, हे एकानंही विचारलं नाही. खन्नांनी भाषण केलं. त्यात 'निष्ठा' हा शब्द वारंवार आला. ज्या माणसाला एखाद्या गोष्टीचा अनुभव नसतो, तोच तिच्यावर इतकं मोकळेपणानं बोलू शकतो.

विचारलं ते एकीनं. सरांच्या पत्नी पहिल्यांदाच विभागात आल्या होत्या. रेशमी सलवार-कमीज, चेहऱ्यावर पावडरचा जाड थर. त्या बाईंच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "दीदी, आपने क्या लगाया? मेरा तो क्रीम के बिना दो दिन भी नहीं चलता." बाईंनी प्लेट खाली ठेवली. त्यांना खिडकीशी नेलं, आपल्या रुमालानं गालावरची थोडी पावडर पुसली. मी शेजारी होतो. पावडरखाली तांबड्या शिरांचं बारीक जाळं होतं आणि कातडी कागदासारखी पातळ झाली होती. कुणाच्या चिठ्ठीवर ही ट्यूब इतकी वर्षं येत होती, हे विचारायची गरज नव्हती.

"आज से ट्यूब बंद," बाई म्हणाल्या, इतक्या मऊ आवाजात की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "पहले कुछ हफ्ते मुँह बहुत बिगड़ेगा. जलेगा. लोग बातें बनाएँगे. बनाने देना. यह लड़का दवा बना देगा." मी तो लडका. सर लांबून बघत होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "क्या हुआ?" बाई म्हणाल्या, "कुछ नहीं सर. आखिरी ओपीडी कर रही थी."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पंधरवड्यानं सरांच्या पत्नी ओपीडीच्या रांगेत एकट्या बसलेल्या मला दिसल्या. तोंड दुपट्ट्यात. दुपट्टा बाजूला केला तेव्हा चेहरा सुजून लालबुंद झालेला, पुळ्यांनी भरलेला. पण ट्यूब त्यांनी खरोखर बंद केली होती. "दीदी ने कहा था," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडल्या. मी बाटली भरून दिली. त्या गेल्यावर खन्ना माझ्या टेबलाशी आले, दाराकडे बघून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "यार, सर की वाइफ भी पीने लगी क्या?"

हा माणूस त्वचारोगाचा एम.डी. होता, आमचा रीडर होता, आणि पुढची पंचवीस वर्षं तो तिथे विद्यार्थ्यांना शिकवत राहिला.